अफनासी निकितीन त्वेरकर : एका रशियन नावाची दख्खनयात्रा

इतिहासाच्या पुस्तकांतून आपण नावे पाठ करतो. नावांचा इतिहास मात्र सहसा वाचीत नाही. नाव म्हणजे हाक मारण्याची सोय, एवढीच आपली समजूत असते. वस्तुतः एकेका नावात एखाद्या भाषेचे उच्चार, एखाद्या धर्माच्या आठवणी, पित्याशी असलेले नाते आणि गावाची ओळख अशा कितीतरी गोष्टींचे थर साचलेले असतात. माणूस आपला मुलूख सोडून परक्या मुलखात गेला की हे थर हलू लागतात. काही गळून पडतात, काही नवे चढतात. आपण हैदराबादकर मराठी माणसे हा अनुभव पिढ्यानपिढ्या घेत आलो आहोत. म्हणूनच सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी याच दख्खनमध्ये येऊन राहिलेल्या एका रशियन व्यापाऱ्याच्या नावाची कथा ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथाच्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

या व्यापाऱ्याचे नाव अफनासी निकितीन. व्होल्गा नदीच्या काठावरील त्वेर या नगरीचा तो रहिवासी. शिरवानच्या बाजूला व्यापारासाठी निघालेला असताना आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. हाती काही उरले नाही, आणि ऋण डोक्यावर घेऊन मायदेशी परतणे अशक्य झाले. तेव्हा तो दरबंद, बाकू, इराण असे करीत होर्मुझ बंदरास पोहोचला आणि तेथून एक घोडा बरोबर घेऊन गलबताने हिंदुस्थानात आला. चौल, जुन्नर, बिदर, गुलबर्गा, श्रीशैल आणि परतीच्या वाटेवर दाभोळ ही त्याच्या प्रवासातील ठिकाणे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. त्याचा दख्खनमधील मुक्काम सामान्यतः १४६९ ते १४७२ असा मानला जातो. काही संशोधक ही साले दोन वर्षांनी पुढे नेतात. कोणतेही साल धरले तरी वास्को द गामा कालिकतला उतरला त्या १४९८ सालाच्या वीसबावीस वर्षे तरी आधीची ही गोष्ट आहे.

बिदर हे तेव्हा बहमनी राज्याचे तख्त होते. हैदराबाद संस्थानात बिदर जिल्ह्याचा विस्तार मोठा होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्याच जिल्ह्यात मोडत. तेव्हा निकितीन ज्या मुलखात वावरला तो आपल्यापैकी अनेकांच्या आजोळचा मुलूख आहे.

नावाचे मूळ

'अफनासी' हे नाव आज रशियन म्हणून ओळखले जात असले तरी त्याचा जन्म रशियात झालेला नाही. मूळ शब्द ग्रीक आहे. 'थानातोस' म्हणजे मृत्यू. त्याला नकारार्थी 'अ' जोडून 'अथानासिओस' म्हणजे ज्याला मृत्यू नाही असा, अर्थात अमर. हा नकारार्थी 'अ' आपल्या 'अमर', 'अजित', 'अच्युत' यांतील 'अ'चा सख्खा भाऊ आहे. संस्कृत आणि ग्रीक या दोन्ही भाषांना तो एकाच प्राचीन घराण्याकडून वारशाने मिळाला. 'थानातोस'चे आपल्या 'मृत'शी नाते नाही. परंतु देवांच्या अन्नाला ग्रीक लोक जो 'अँब्रोसिया' शब्द वापरीत, तो आणि आपला 'अमृत' हे एकाच धातूचे आहेत. म्हणजे शब्द वेगळे असले तरी नाव ठेवण्यामागची इच्छा एकच. पाळण्यातल्या बालकाला मृत्यूने शिवू नये ही आईबापांची प्रार्थना त्वेरमध्ये जशी होती तशीच पैठणमध्येही होती.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे या नावाचे एक थोर धर्माचार्य होऊन गेले. त्यांच्यामुळे हे नाव पौर्वात्य ख्रिस्ती संप्रदायात पूज्य ठरले आणि धर्माबरोबर रशियात आले. तेथे मात्र उच्चाराची अडचण आली. ग्रीकांचा 'थ' स्लाव्ह लोकांच्या जिभेवर नव्हता. त्याच्या जागी त्यांनी 'फ' योजला. त्यामुळे 'अथानासिओस'चा 'अफनासी' झाला, 'थिओडोर'चा 'फ्योदोर' झाला, 'थॉमस'चा 'फोमा' झाला. बोलीत तर आद्य 'अ'चा 'ओ' होऊन 'ओफोनासी' असेही रूप रूढ होते, आणि जुन्या हस्तलिखितांत तेही आढळते. 'लक्ष्मण'चा 'लखमण' आणि 'ज्ञानदेव'चा 'ग्यानबा' करणाऱ्या आपल्या लोकभाषेला या व्यवहारात नवल वाटण्याचे कारण नाही. परके नाव आपले करून घेण्याची जिभेची रीत सर्वत्र अशीच असते.

दोन नावांची रीत

ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यापूर्वी स्लाव्ह लोकांची स्वतःची नावे होती, आणि ती आपल्या कानाला विलक्षण ओळखीची वाटतात. 'बोग्दान' या नावाचा अर्थ देवाने दिलेला. त्यातील 'बोग' आणि वेदांतील 'भग' हे शब्द एकाच कुळातील. 'दान' या पदातील 'दा' तर आपल्या रोजच्या 'देणे' क्रियापदातच आहे. महाभारतातील प्राग्ज्योतिषाचा राजा भगदत्त आणि रशियन वा पोलिश बोग्दान हे अर्थाने आणि घडणीने एकच नाव होय. 'यारोस्लाव', 'स्व्यातोस्लाव' यांतील 'स्लावा' म्हणजे कीर्ती. तिचे नाते आपल्या 'श्रवस्' या शब्दाशी. इंद्राच्या घोड्याचे 'उच्चैःश्रवा' हे नाव याच शब्दाने घडले आहे. 'व्लादिमिर' यातील 'व्लाद' म्हणजे सत्ता. पुढील पदाचा जुना अर्थ महत्ता असा होता, पण नंतरच्या लोकांनी त्यात 'मिर' म्हणजे शांती किंवा जग हा अर्थ पाहिला.

याच व्लादिमिर नावाच्या कीव्हच्या राजाने ९८८ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला 'वासिली' हे ग्रीक नाव मिळाले. परंतु इतिहासाने त्याला व्लादिमिर म्हणूनच ओळखले. त्याचे पुत्र बोरिस आणि ग्लेब यांची धार्मिक नावे रोमान आणि दावीद अशी होती. यारोस्लावचे धार्मिक नाव गिओर्गी होते. एक नाव घरादारात चालणारे आणि दुसरे देवापुढे उच्चारायचे, अशी ही रीत शतकानुशतके चालली. हळूहळू सामान्य लोकांत चर्चने दिलेली ग्रीक आणि हिब्रू नावेच रुळली व ती इतकी अंगवळणी पडली की परकी वाटेनाशी झाली.

आपल्याकडे पत्रिकेतील राशीचे नाव वेगळे आणि व्यवहारातील नाव वेगळे असते. लग्नात नववधूचे नवे नाव तांदळावर लिहिण्याची प्रथाही पुष्कळ घरांत होती व काही घरांत आजही आहे. एकाच माणसाची दोन नावे असू शकतात, त्यांतले कोणते कोठे उच्चारायचे याचे संकेत असतात, हे आपणही जाणतो आणि निकितीनच्या पूर्वजांनाही ठाऊक होते. दख्खनमध्ये त्याच्यावर जो प्रसंग आला तो समजून घेण्यास ही पार्श्वभूमी उपयोगी पडते.

बापाचे नाव, गावाचे नाव

'निकितीन' हे आज आपण आडनाव समजतो. त्या काळी ते आडनाव नव्हते. 'निकिता' हे त्याच्या पित्याचे नाव. 'निकितीन' म्हणजे निकिताचा. 'निकिता' हे नावही ग्रीकच, आणि 'नीके' म्हणजे विजय या शब्दावरून आलेले, अर्थ विजयी. तेव्हा अफनासी निकितीन याचे अक्षरशः मराठीकरण करावयाचे तर 'विजयचा मुलगा अमर' असे होईल. आपल्या कोणत्याही शाळेच्या पटावर 'अमर विजय' अशी दोन नावे एकापुढे एक सहज आढळतील.

येथे एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात 'निकिता' हे मुलीचे नाव म्हणून लोकप्रिय झाले. आकारान्त असल्यामुळे ते आपल्याला स्त्रीलिंगी वाटते, आणि 'निकेत', 'निकेतन' या संस्कृत शब्दांशी कोणी त्याचे नाते जोडतात. रशियात मात्र ते पुरुषाचे नाव. १९५५ साली भारतात येऊन गेलेले सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांचे उदाहरण पुरेसे आहे. विजयी पुरुषाचे नाव दोन हजार कोसांवर येऊन घराघरांतील लेकीचे नाव झाले, आणि कोणाला त्यात खटकले नाही.

रशियन इतिवृत्तात या प्रवाशाचा उल्लेख 'त्वेरितीन' असाही येतो. त्याचा अर्थ त्वेरचा, म्हणजे मराठीत सरळ 'त्वेरकर'. स्वतःचे नाव, मग बापाचे नाव, मग गाव: ही तर आपल्या मराठी नावाचीच मांडणी झाली. मधले नाव पित्याचे ठेवण्याची पद्धत रशियन लोकांत आजही काटेकोरपणे पाळली जाते. वडीलधाऱ्या व्यक्तीला आदराने हाक मारताना तिचे नाव आणि तिच्या वडिलांचे नाव असे जोडनावच घेतात. चौलकर, जुन्नरकर, बिदरकर ही आडनावे आपल्यात आहेत. या तिन्ही गावी राहून गेलेल्या माणसाला 'अफनासी निकिता त्वेरकर' म्हटल्यास तो आपल्याच पंक्तीत शोभून दिसतो.

जुन्नरचा प्रसंग

चौलला उतरल्यावर त्याचा गोरा रंग पाहून लोक त्याच्या मागे मागे फिरत, असे तो लिहितो. तेथून पाली, उमरी अशी ठिकाणे घेत तो जुन्नरला आला. पावसाळा लागला होता. चिखलपाण्यात दोन महिने त्याला जुन्नरमध्ये काढावे लागले. बरोबरचा घोडा हीच त्याची सारी पुंजी; त्याला इथवर आणण्यात शंभर रूबल खर्ची पडले होते. दख्खनमध्ये चांगला घोडा निपजत नसे. अरबस्तान, इराणमधून समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांवर येथील फौजा अवलंबून असत. त्यामुळे घोड्याला मोल फार. येथील घोड्यांना हरभरे आणि साखर घातलेली खिचडी खाऊ घालतात, हेही त्याने कौतुकाने टिपले आहे.

जुन्नरचा सुभा असदखान नावाच्या सरदाराकडे होता. हा व्यापारी मुसलमान नसून रशियन आहे असे कळताच त्याने घोडा ताब्यात घेतला आणि पेच घातला. धर्म बदललास तर घोडाही मिळेल आणि वर एक हजार मोहरा मिळतील. न बदललास तर घोडा जाईल आणि हजार मोहरांचा दंड पडेल. मुदत चार दिवसांची. उपवासाचे दिवस चालू होते. अशा वेळी ख्वाजा मुहम्मद नावाचा एक खुरासानी गृहस्थ तेथे आला. निकितीनने त्याच्याकडे गाऱ्हाणे नेले; त्याने खानाकडे रदबदली केली आणि धर्म न बदलता घोडा परत मिळवून दिला. या घटनेला निकितीन देवाचा चमत्कार मानतो. परंतु तिचे शल्यही त्याच्या मनातून गेले नाही. हिंदुस्थानात यावयाचे असेल तर आपला धर्म रशियात ठेवून यावे, असा कडवट सल्ला त्याने आपल्या धर्मबांधवांना दिला आहे.

ख्वाजा यूसुफ खुरासानी

या प्रवासात निकितीन एका दुसऱ्या नावाने वावरत होता. ते नाव म्हणजे 'ख्वाजा यूसुफ खुरासानी'. हे त्याने स्वतःच नमूद केले आहे. ते नेमके कोठे व केव्हा धारण केले याची तारीख त्याच्या लेखनात नाही. परंतु त्यातील तिन्ही पदे नीट पाहिली तर निवडीमागचे शहाणपण ध्यानात येते.

'ख्वाजा' ही आदरवाचक फारसी पदवी. प्रतिष्ठित गृहस्थ, विशेषतः व्यापारी, यांना ती लावीत. बहमनी राज्याचा मुख्य कारभारी महमूद गावान हाही मूळचा घोड्यांचा व्यापार करीत आलेला ख्वाजाच. गुलबर्ग्याचे थोर सूफी सत्पुरुष बंदानवाज यांच्या नावाआधीही 'ख्वाजा' हेच पद लागते. आपल्या 'पंत' आणि 'राव' यांचे काम ते करी. 'यूसुफ' हे हिब्रू योसेफचे अरबी रूप. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांनाही पवित्र. ख्रिस्ती माणसाला मनाला फारसे न टोचता घेता येईल असे याहून सोयीचे मुसलमानी नाव सापडणे कठीण. शिवाय भावांनी व्यापाऱ्यांना विकल्यामुळे परमुलखात जाऊन पडलेला, तरी देवाला न विसरलेला, अशी या यूसुफची कथा बायबलात आणि कुराणात दोन्हीकडे आहे. निकितीनच्या मनात ती होती की नव्हती हे सांगणारा शब्द त्याच्या लेखनात नसला, तरी नाव मात्र त्याच्या दशेला साजेसे होते.

'खुरासानी' म्हणजे खुरासानचा. आपल्या भाषेत 'खुरासानकर'. बिदरच्या दरबारात तेव्हा दख्खनी आणि आफाकी, म्हणजे बाहेरून आलेले, असे दोन पक्ष होते. सरदारांत खुरासानी मंडळींचा भरणा असल्याचे निकितीन स्वतः लिहितो. गोरा माणूस, फारसी-तुर्की बोलणारा, घोडा विकायला आलेला: तो खुरासानचा असणार, हे सर्वांनी सहज मानले असते. जुन्नरला ज्याने त्याला वाचविले तोही ख्वाजा आणि खुरासानीच होता. तीनांपैकी दोन पदे तीच असावीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

बिदरला आल्यावर त्याने नाताळाच्या सुमारास घोडा विकला आणि पुढील काही महिने तेथेच काढले. तेथे त्याची अनेक हिंदूंशी ओळख झाली. त्यांना त्याने खरे ते सांगून टाकले. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत, आपले नाव अफनासी आहे आणि ख्वाजा यूसुफ खुरासानी हे येथे घेतलेले मुसलमानी नाव आहे, असे तो त्यांना म्हणाला. त्याचा परिणाम त्याने पुढच्याच वाक्यांत नोंदविला आहे. त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून काही चोरून ठेवले नाही. खाणेपिणे, व्यापारउदीम, पूजाअर्चा कशाचाच आडपडदा राहिला नाही. घरातील बायकाही त्याच्यापुढे येऊ लागल्या.

प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या प्रवासवर्णनातील हे सर्वांत मोलाचे स्थळ आहे. एका नावाने त्याचे रस्त्यावर रक्षण केले. दुसऱ्या नावाने त्याला घरात प्रवेश मिळाला. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या हिंदूंनी त्याला आपल्या पंक्तीला बसविले असे तो म्हणत नाही. उलट, येथे चौऱ्याऐंशी पंथ असून ते एकमेकांबरोबरही जेवत नाहीत, अशी त्याची नोंद आहे. तेव्हा त्यांनी भेदभाव सोडले असा अर्थ काढणे भाबडेपणाचे होईल. पण समोरचा माणूस कोण, कोणाचा, कोठला हे एकदा कळले की त्याला आपल्या मांडणीत कोठे बसवावे याचा उलगडा होतो, आणि संशय जाऊन आतिथ्य सुरू होते. आपल्याकडे अनोळखी पाहुण्याला 'आपण कोणाचे?' असे आधी विचारतात, तेही याच कारणासाठी.

या ओळखीच्या हिंदूंबरोबरच तो 'पर्वत' येथील यात्रेला गेला. हे स्थान म्हणजे श्रीशैल, प्राचीन नाव श्रीपर्वत, असे अभ्यासकांनी ठरविले असून यात्रा महाशिवरात्रीची होती. बिदरहून तेथे जाण्यास महिना लागला. दगडी देवालय अर्ध्या त्वेरएवढे विस्तीर्ण आहे, भिंतींवर देवाच्या लीला कोरलेल्या आहेत, काळ्या दगडाचा सोनेरी मुलामा दिलेला प्रचंड नंदी आहे, यात्रेकरू क्षौर करतात, प्रत्येकाकडून यात्राकर घेतात: हे सर्व त्याने पाहिले. देवमूर्तीचा उंचावलेला हात पाहून त्याला कॉन्स्टँटिनोपलच्या जस्टिनियन बादशहाच्या पुतळ्याची आठवण झाली. हे हिंदूंचे जेरुसलेम आणि हीच त्यांची मक्का, असे तो म्हणतो. ख्वाजा यूसुफ म्हणून राहिला असता तर ही यात्रा त्याला घडली असती काय, हा प्रश्न वाचकांनीच मनाशी विचारावा.

मनात काय उरले?

नाव बदलल्याने माणूस बदलतो काय? निकितीनचा ग्रंथ या प्रश्नाचे सोपे उत्तर देत नाही. लुटालुटीत त्याची धर्मग्रंथांची पुस्तके गेली होती; त्यामुळे ईस्टरचा दिवस कोणता हेही त्याला ठरविता येईना. सणवार हरवल्याचे दुःख तो पुन्हापुन्हा बोलून दाखवितो. मुसलमानांचे रोजे चालू असत तेव्हा तोही उपास करी, पण प्रार्थना आपल्या देवाची करी. त्याच्या रशियन लेखनात मध्येच तुर्की, फारसी आणि अरबी वाक्ये येतात, आणि ग्रंथाचा शेवट तर अल्लाच्या नामावळीने युक्त अशा अरबी प्रार्थनेने झाला आहे. यावरून तो मनाने मुसलमान झाला होता असे काही अभ्यासक म्हणतात. अखेरपर्यंत ख्रिस्तीच राहिला असे इतरांचे मत आहे. परंतु बिदरमध्ये ज्यांच्यावर विश्वास टाकावासा वाटला त्यांना त्याने आपले नाव 'अफनासी' असेच सांगितले, ही गोष्ट विसरता येत नाही.

दख्खनच्या मातीला या सरमिसळीचे वावडे कधीच नव्हते. अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यास नवस बोलून झालेल्या दोन पुत्रांची नावे मालोजीराजे भोसल्यांनी शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. साहेबराव, दौलतराव, हिंमतराव, पिराजी या नावांत फारसी-अरबी शब्द आणि मराठी 'राव', 'जी' किती सुखाने नांदतात! आपल्या हैदराबादेतच पाहा. निजामाच्या फौजेतील फ्रेंच सेनानी रेमाँ १७९८ साली वारला. हिंदूंनी त्याला 'मूसा राम' केले, मुसलमानांनी 'मूसा रहीम' केले. मूसारामबाग हा मोहल्ला त्याचे नाव आजही सांगतो. रेमाँचे नाव लोकांनी बदलले आणि निकितीनचे त्याने स्वतः बदलले, एवढाच फरक.

नावाला किती जपावे लागते याचा एक दारुण दाखलाही बिदरनेच दिला आहे. महमूद गावानच्या शत्रूंनी त्याची मुद्रा उमटविलेला कोरा कागद मिळविला, त्यावर राजद्रोहाचा मजकूर लिहिला आणि सुलतानापुढे ठेवला. मुद्रा खरी होती. मजकूर खोटा होता. १४८१ साली त्या वृद्ध मंत्र्याचा शिरच्छेद झाला. ज्याचा कारभार निकितीनने पाहिला, ज्याने १४७२ साली बिदरचा प्रसिद्ध मदरसा उभारला, त्याचा घात आपल्याच नावाच्या ठशाने झाला.

पोथीने राखलेले नाव

दाभोळहून निघून, होर्मुझ, तब्रीझ, त्राब्झोन असा वळसा घेत निकितीनने काळा समुद्र ओलांडला. कास्पियन, हिंदी आणि काळा असे तीन समुद्र पार केले म्हणून त्याच्या ग्रंथाचे नाव 'तीन समुद्रांपलीकडील यात्रा' असे पडले. घर मात्र त्याला दिसले नाही. स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच वाटेत तो मरण पावला. बरोबरच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या वह्या मॉस्कोस नेल्या आणि १४७५ साली त्या वासिली मामिरेव्ह या राजदरबारातील लेखनाधिकाऱ्याच्या हाती आल्या. पुढे इतिवृत्तांत त्यांच्या नकला झाल्या. तीनशेहून अधिक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, इतिहासकार करामझीन याला त्रोइत्स्क मठाच्या ग्रंथसंग्रहात एक नक्कल सापडली आणि जगाला हा प्रवासी ठाऊक झाला. १८५७ साली इंग्रजी भाषांतर झाले. त्यात त्याचे नाव लॅटिन वळणाने 'अथनेशियस' असे छापले गेले व भारतीय इतिहासग्रंथांतूनही तेच पसरले. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियन दिग्दर्शक प्रोनिन यांनी मिळून 'परदेसी' चित्रपट काढला. ख्वाजा यूसुफची कथा सांगणाऱ्यांतही एक ख्वाजा असावा, हा योग मनोहर आहे. चौलशेजारच्या रेवदंड्यास आता त्याचे स्मारकही आहे.

या कथेचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. तेलुगू रीतीप्रमाणे घराण्याचे नाव आधी व स्वतःचे नाव शेवटी येते. आपल्या तीनपदी नावाची मांडणी त्या साच्यात नीट बसत नाही. कचेरीतील कागदावर कधी आडनाव हेच नाव होते, कधी वडिलांचे नाव आडनाव बनते. हा कोणाचा दोष नव्हे. दोन रीतींचा तो सांधा आहे. पण त्या सांध्यात सर्वांत आधी गळते ते मधले नाव. नव्या पिढीतील अनेकांनी सोयीसाठी ते सोडून दिले आहे. आद्याक्षराच्या टिंबात बाप उरतो, आणि पुढे तेही टिंब जाते. व्यवहारासाठी नाव आखूड करावे लागले तर करावे. निकितीननेही व्यवहारासाठी नाव बदललेच होते. मात्र आपले पूर्ण नाव कोठेतरी लिहिलेले राहिले पाहिजे आणि विश्वासाच्या माणसाला ते सांगता आले पाहिजे.

असे 'कोठेतरी' म्हणजे ग्रंथालयाची सभासद-नोंदवही. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, राहण्याचे ठिकाण आणि स्वाक्षरी: जुन्या ग्रंथालयांच्या नोंदवह्यांतील या पाच रकान्यांत एका स्थलांतरित समाजाचा इतिहास साठलेला असतो. कोणत्या गावचे 'कर' येथे आले, कोणत्या दशकात मुलांची नावे देवादिकांवरून कथा-कादंबऱ्यांतील नायकांवर गेली, स्त्रियांची नावे कधीपासून स्वतंत्रपणे नोंदली जाऊ लागली, हे सारे त्यांतून वाचता येते. पुस्तके पुन्हा विकत घेता येतात. या वह्या पुन्हा लिहिता येत नाहीत. शताब्दीच्या निमित्ताने त्यांची निगा घेण्याचा संकल्प आपण करावा, अशी नम्र सूचना आहे.

त्वेरच्या निकिताने आपल्या मुलाचे नाव 'अमर' या अर्थाचे ठेवले. तो मुलगा परदेशी वणवण करून घराच्या वाटेवर मेला. त्याची कबर कोठे आहे हे कोणी दाखवीत नाही. त्याच्या हातची मूळ वहीही उरली नाही. उरल्या त्या कोणा लेखनिकांनी केलेल्या नकला, आणि त्या जपल्या ग्रंथसंग्रहांनी. बापाने ठेवलेले नाव सार्थ झाले ते त्यांच्यामुळे.